हळद पोटात कुठवर जाते?

ऐका बाळांनो, आजची गोष्ट सांगण्याआधी एक काम करा. पांढऱ्या सुती कापडाची एक चिंधी घ्या. चिमूटभर हळद पाण्यात कालवा आणि बोटानं त्या चिंधीवर एक लांब पट्टा ओढा. आता त्या पट्ट्याच्या एका टोकाला कपड्याचा साबण चोळा. बघितलंत? पिवळ्याचा लाल झाला! आता त्याच लाल डागावर लिंबू पिळा. परत पिवळा! मग ती चिंधी अंगणात कडक उन्हात वाळत घाला. संध्याकाळपर्यंत डाग फिकटलेला दिसेल, आणि चार उन्हं खाल्ली की शोधावा लागेल.

धाकटी विचारते, “आबा, ही जादू आहे का?” नाही गं. हळदीत एक रेणू असतो, कर्क्युमिन त्याचं नाव. हळदीचा पिवळा रंग तो त्याचाच. साबण, चुना, सोडा असं अल्कधर्मी काही भेटलं की तो लाल होतो, आंबट भेटलं की पिवळा. हळदीचं कुंकू करतात ते याच गुणावर. आणि ऊन लागलं की तो तुटतो, म्हणून डाग उडतो. म्हणजे हा रेणू मोठा हळवा आहे. अल्कधर्मी पाण्यात तर तो काही मिनिटांत मोडायला लागतो. हे नीट लक्षात ठेवा, पुढं कामाला येणार आहे.

हा पिवळा पदार्थ हळदीतून पहिल्यांदा वेगळा काढला तो 1815 साली, फोगेल आणि पेल्तिये या दोघांनी. त्याची रचना उलगडायला मात्र 1910 साल उजाडलं. आपल्याकडं हळद त्याच्या कितीतरी आधीपासून जमिनीत रुजलेली आणि घरात नांदलेली. सांगली, वर्ध्याकडचं वायगाव, हिंगोलीतलं वसमत, तिन्ही ठिकाणच्या हळदींना भौगोलिक मानांकन आहे. कंद काढायचे, उकडायचे, उन्हात खडखडीत वाळवायचे, मग घासून चकचकीत करायचे, तेव्हा कुठं हळकुंड बाजारात जातं. सांगलीजवळच्या हरिपुरात तर हळद साठवायला जमिनीत पेवं खणलेली असत. अरुंद तोंडाची, आत ऐसपैस. तोंड लिंपून बंद केलं की हळद वर्षानुवर्षं टिकायची, कीड लागायची नाही. 2005 च्या महापुरात त्यातली बरीच पेवं गेली.

आता थोरला म्हणेल, “आबा, कापलं-खरचटलं तर आजी हळद दाबते, ते बरोबर आहे ना?” हा उपाय आपल्याकडं जुना आहे, हे तर अमेरिकेच्या पेटंट कार्यालयालाही मान्य करावं लागलं! 1995 साली मिसिसिपी विद्यापीठाच्या वैद्यकीय केंद्राला जखमेवर हळद वापरण्याचं पेटंट तिथं मिळालं होतं. तेव्हा आपल्या सीएसआयआर या सरकारी संशोधन संस्थेचे प्रमुख होते डॉ. रघुनाथ माशेलकर, मूळचे गोव्यातल्या माशेलचे. त्यांनी नुसती आरडाओरड केली नाही. सीएसआयआरनं जुने ग्रंथ काढले, इंडियन मेडिकल असोसिएशनच्या नियतकालिकातला 1953 चा लेख काढला, आणि हे ज्ञान आमच्याकडं आधीपासून लिहून ठेवलेलं आहे असं कागदावर दाखवलं. 1997 च्या ऑगस्टमध्ये पेटंट रद्द झालं. “आमची आजी म्हणायची” एवढ्यावर तो खटला जिंकता आला नसता. तो जिंकला लेखी पुराव्यानं.

पण बोटावरची जखम डोळ्यांना दिसते. पोटाच्या आत, आतड्याच्या भिंतीवर जखमा झाल्या तर? तिथं हळद पोहोचते का? आणि पोहोचली तर काही करते का? आजची गोष्ट ती आहे.

आधी आतडं कसं असतं ते बघू. लहान आतडं साधारण सहा मीटर लांब, त्यापुढं मोठं आतडं दीड मीटर. मोठ्या आतड्याच्या पोकळीत कोट्यवधी नाही, अब्जावधी नाही, त्याहूनही कितीतरी पट जिवाणू राहतात. आणि त्यांच्या-आपल्यामध्ये काय असतं? थोडा चिकट बुळबुळीत थर आणि त्याखाली पेशींची एकच रांग. एकच! ही रांग तीन ते पाच दिवसांत झिजते आणि नवी तयार होते. तुम्ही मागच्या आठवड्यात जेवलात तेव्हाचं आतड्याचं अस्तर आज तुमच्या पोटात नाही.

या पातळ भिंतीपलीकडं शरीरानं मोठी पांढऱ्या पेशींची फौज ठेवली आहे. गावच्या वेशीवर राखणदार असतात ना, तसे हे. परका आला की ओरडायचं, गडी गोळा करायचे, त्याला हाकलायचं आणि मग परत आपल्या जागी जाऊन बसायचं. एरवी हे शहाणे असतात. रोजच्या येणाऱ्या-जाणाऱ्या जिवाणूंना ओळखतात, उगाच कुणाच्या अंगावर जात नाहीत. पण काही माणसांच्या बाबतीत हे राखणदार बिथरतात. चोर नसताना ओरडतात, ओरडून आणखी गडी बोलावतात, आणि थांबायचं विसरून गावातलीच घरं पाडायला लागतात. याला म्हणतात दाह. अंगावर गळू आलं की लाल होतं, सुजतं, ठणकतं, तसंच आत होतं.

राखणदारांनी ओरडायचं की नाही, हे पेशीच्या आत ठरतं. तिथं एक प्रथिन गप्प बसलेलं असतं, एनएफ-कप्पा-बी. ते 1986 साली रंजन सेन आणि डेव्हिड बाल्टिमोर या दोघांनी शोधलं. इशारा मिळाला की ते पेशीच्या केंद्रकात शिरतं आणि दाह वाढवणाऱ्या रसायनांची जनुकं चालू करतं. बिथरलेल्या आतड्यात ते शांत बसायलाच तयार नसतं.

हा आजार दोन रूपांत येतो. एक अल्सरेटिव्ह कोलायटिस. सॅम्युअल विल्क्स या लंडनच्या डॉक्टरांनी 1859 साली त्याचं वर्णन केलं. तो गुदाशयापासून सुरू होतो आणि मोठ्या आतड्यात सलग वर चढतो, पण राहतो भिंतीच्या आतल्या थरात. दुसरा क्रोन्स डिसीज. न्यूयॉर्कच्या बरिल क्रोन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 1932 साली तो मांडला. हा तोंडापासून गुदद्वारापर्यंत कुठंही होतो, मध्ये मध्ये चांगला भाग सोडून होतो, आणि भिंतीच्या पूर्ण जाडीत उतरतो. त्यानं आतडं अरुंद होऊ शकतं.

हा फक्त गोऱ्या लोकांचा आजार आहे, अशी समजूत होती. लुधियानाच्या डॉक्टरांनी पंजाबात 51,910 लोकांची पाहणी केली, आणि त्यात अल्सरेटिव्ह कोलायटिसचे 23 रुग्ण निघाले. ही पाहणी 2003 साली प्रसिद्ध झाली. म्हणजे लाखामागं 44 जण. आपल्याकडं अशा माणसाला शौचावाटे रक्त जातं, मुरडा येतो, दिवसातून दहा वेळा धावावं लागतं, वजन उतरतं, आणि तो म्हणतो, “मूळव्याध असेल,” नाहीतर “आव पडतेय.” वर्ष जातं, दोन वर्षं जातात. हा आजार संसर्गाचा नाही, कुणाच्या पापाचा नाही, आणि तिखट खाल्ल्यानं झालेला नाही. बहुतेकदा तो ऐन तरुणपणात गाठतो.

आता औषधाची गोष्ट. ती हळदीपासून सुरू होत नाही, एका झाडाच्या सालीपासून सुरू होते. आपल्याकडं नदी-ओढ्याच्या काठी वाळुंज असतो ना, त्याच्या जातकुळीचं झाड युरोपात खूप. तिथं त्याला विलो म्हणतात. इंग्लंडमधल्या चिपिंग नॉर्टन गावात एडवर्ड स्टोन नावाचे पाद्री होते. त्यांनी विलोची साल चाखली, ती कडूजहर लागली. हिवतापावर तेव्हा देत ती सिंकोनाची सालही अशीच कडू, हे त्यांना ठाऊक होतं. मग त्यांनी ती साल पिशवीत भरून पावाच्या भट्टीला बाहेरून टांगून ठेवली, तीन महिन्यांहून जास्त काळ वाळवली, कुटली, आणि तापानं फणफणलेल्या पन्नासेक माणसांना दिली. गुण आला. 1763 साली त्यांनी रॉयल सोसायटीला पत्र लिहून हे कळवलं. 1828 साली म्युनिकच्या बुखनर यांनी सालीतला कडू पदार्थ वेगळा काढला, पुढं त्यापासून सॅलिसिलिक आम्ल मिळालं, आणि 1897 साली बायर कंपनीत फेलिक्स हॉफमन यांनी ॲस्पिरिन तयार केलं.

“पण आबा, ते तर डोकेदुखीचं!” बरोबर. आणि गंमत अशी की कोलायटिसच्या रुग्णाला ॲस्पिरिन सहसा टाळायला सांगतात, आतड्याला त्रास होऊ शकतो म्हणून. पण त्याच सॅलिसिलेट घराण्यातल्या एका चुलत भावानं या रुग्णांचं भलं केलं. ते घडलं स्वीडनमध्ये. डॉ. नान्ना स्वार्त्स या स्टॉकहोमच्या कॅरोलिन्स्का संस्थेत प्राध्यापक होत्या. स्वीडनमध्ये सरकारी विद्यापीठात प्राध्यापकपद मिळवणाऱ्या त्या पहिल्या स्त्री. त्यांना हवं होतं सांधेदुखीवर औषध. सांध्यांचा विकार जंतूंमुळं होत असावा, असा तेव्हा कयास होता. म्हणून जंतू मारणारं एक सल्फा औषध आणि दाह कमी करणारं एक सॅलिसिलेट, अशी जोडी एका रासायनिक बंधानं त्यांनी बांधून घेतली. 1940 च्या आसपासची ही गोष्ट. औषधाचं नाव पडलं सल्फासालाझिन. रंग नारिंगी. ते घेतलं की लघवीसुद्धा नारिंगी होते. सांधेदुखीच्या काही रुग्णांना कोलायटिसही होता, आणि त्यांची पोटं सुधारायला लागली!

का सुधारली? ऐका, इथं निसर्गाची करामत आहे. ही जोडी पोटात गेली की जठर आणि लहान आतडं तिला फारसं ओळखत नाहीत. बराचसा भाग न पचता, न शोषला जाता खाली जातो. मोठ्या आतड्यात पोहोचला की तिथले जिवाणू तो मधला बंध तोडतात आणि दोन्ही औषधं मोकळी होतात. जिथं आजार, नेमकं तिथंच! माणसानं औषध बांधलं, आणि ज्यांच्यावर राखणदार चिडलेले असतात त्या जिवाणूंनीच ते सोडवलं.

दोन्हींपैकी गुणकारी कोणतं, हे कळायला 1977 साल लागलं. ऑक्सफर्डमध्ये डॉ. ए. के. आझाद खान आणि डॉ. सिडनी ट्रूलव यांनी साधी युक्ती केली. दोन्ही भाग वेगवेगळे करून बस्तीवाटे थेट आतड्यात सोडले. सल्फाचा उपयोग नव्हता, तो उलट त्रास द्यायचा. खरं काम करत होता सॅलिसिलेटचा भाग. त्यालाच आज मेसालामाइन म्हणतात. हे आझाद खान बांगलादेशाचे, पुढं मायदेशी जाऊन त्यांनी मोठं काम केलं. आज सौम्य कोलायटिसच्या रुग्णांना पहिलं औषध देतात ते बहुधा हेच. पण एकटं मेसालामाइन दिलं तर ते वरच्या आतड्यातच शोषलं जातं, मोठ्या आतड्यापर्यंत पुरेसं जात नाही. म्हणून त्याच्या गोळीवर असं कवच चढवतात की ते जठरात विरघळणार नाही, आतड्याच्या शेवटी शेवटीच विरघळेल. गोळी चावून किंवा कुटून घेऊ नका असं डॉक्टर म्हणतात, ते त्या कवचासाठी.

तुमच्या ध्यानात येतंय ना? औषध चांगलं असून भागत नाही. ते योग्य ठिकाणी पोहोचावं लागतं, आणि पुरेसं पोहोचावं लागतं.

आता हळदीकडं परत येऊ. कर्क्युमिन रक्तात फार कमी उतरतं. जे थोडं उतरतं ते यकृत झटकन बदलून बाहेर टाकतं. बंगळूरच्या सेंट जॉन्स वैद्यकीय महाविद्यालयात 1998 साली माणसांना दोन ग्रॅम कर्क्युमिन दिलं, तर रक्तात ते जवळजवळ सापडेना. सोबत मिऱ्यातलं पिपरिन वीस मिलिग्रॅम दिलं तेव्हा रक्तातलं प्रमाण वीस पटींनी वाढलं. म्हणून सांधे, मेंदू, कर्करोग अशा कामांसाठी कर्क्युमिन वापरू पाहणाऱ्यांची मोठी पंचाईत झाली. प्रयोगशाळेतल्या काचेच्या नळीत ते एनएफ-कप्पा-बीला शांत करतं, पण तिथं पोहोचवायचं कसं? शिवाय हा रेणू स्वतः चमकतो, लवकर मोडतो, नाना प्रथिनांना चिकटतो, आणि त्यामुळं नळीतल्या चाचण्या फसतात. नळीत जे झालं ते माणसात होईलच असं नाही.

पण मोठ्या आतड्याच्या बाबतीत हाच दोष गुण ठरतो. रक्तात उतरत नाही, म्हणजे उरलेलं जातं कुठं? खाली! थेट आजारी भिंतीपाशी. म्हणून जपानच्या हामामात्सु शहरातले डॉ. हिरोयुकी हानाई आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ठरवलं की तोंडानं सांगण्याऐवजी मोजून बघू. आजार शांत झालेले 89 रुग्ण त्यांनी घेतले. सगळ्यांची नेहमीची औषधं चालूच ठेवली. काहींना नाश्त्यानंतर एक ग्रॅम आणि रात्रीच्या जेवणानंतर एक ग्रॅम कर्क्युमिन दिलं. बाकीच्यांना तशाच दिसणाऱ्या, औषध नसलेल्या गोळ्या. कुणाला काय मिळतंय हे रुग्णाला माहीत नाही, डॉक्टरलाही नाही. सहा महिन्यांनी हिशेब केला. कर्क्युमिनवाल्या 43 जणांपैकी दोघांचा आजार उसळला, दुसऱ्या गटात 39 पैकी आठ जणांचा. मग कर्क्युमिन थांबवलं आणि आणखी सहा महिने पाहिलं, तर कर्क्युमिनच्या गटातही आणखी आठ जणांचा आजार उसळला. ही चाचणी 2006 साली प्रसिद्ध झाली.

2015 साली इस्राएल, हाँगकाँग आणि सायप्रसमधल्या डॉक्टरांनी आणखी पुढचं पाऊल टाकलं. मेसालामाइनचा पुरेपूर डोस देऊनही ज्यांचा आजार पेटलेलाच होता, असे सौम्य ते मध्यम आजाराचे 50 रुग्ण. निम्म्यांना मेसालामाइनसोबत रोज तीन ग्रॅम कर्क्युमिन, निम्म्यांना मेसालामाइनसोबत नुसती खोटी गोळी. चार आठवड्यांनी कर्क्युमिनच्या 26 पैकी 14 जणांचा आजार शांत झाला होता. दुसऱ्या गटातल्या 24 पैकी एकाचाही नाही.

धाकटी टाळ्या वाजवेल, पण थांब. गोष्ट अजून संपलेली नाही. दिल्लीच्या एम्समध्ये 62 रुग्णांना आठ आठवडे हेच करून पाहिलं, फक्त कर्क्युमिन रोज साडेचारशे मिलिग्रॅम दिलं. फरक पडला नाही. फ्रान्समध्ये क्रोन्स डिसीजच्या, आतड्याचा भाग कापून काढलेल्या रुग्णांना रोज तीन ग्रॅम दिलं, आजार परतू नये म्हणून. तिथंही उपयोग झाला नाही. तो निष्कर्ष 2020 साली आला. का? क्रोन्स भिंतीच्या पूर्ण जाडीत शिरलेला असतो, हे एक कारण असू शकतं. सगळ्या चाचण्या लहान आहेत, हेही विसरू नका. शहाणा माणूस यातून एवढंच घेतो: सौम्य-मध्यम अल्सरेटिव्ह कोलायटिसमध्ये, मोठ्या मात्रेत, नेहमीच्या औषधांसोबत कर्क्युमिन मदत करू शकतं. याहून जास्त नाही, कमीही नाही.

आणि आता थोरल्यानं गणित करावं. हळदीच्या पुडीत कर्क्युमिन साधारण शंभरात तीन भाग असतं. तीन ग्रॅम कर्क्युमिन हवं तर रोज किती हळद? शंभर ग्रॅम! सबंध पुडा! आमटीत आपण चमचाभर टाकतो आणि ती चार-पाच जणांत वाटली जाते. दुधात घातलेली अर्धा चमचा हळद घशाला बरी वाटते, जरूर प्या, पण तिनं कोलायटिस आटोक्यात येईल असं मानू नका. उलट, जास्त शोषलं जावं म्हणून पिपरिन घालून विकतात त्या कॅप्सूलमुळं काही माणसांच्या यकृताला इजा झाल्याचं इटलीत 2019 साली दिसलं, पुढं अमेरिकेतही दिसलं. जे रक्तात उतरत नाही म्हणून निरुपद्रवी, ते मुद्दाम रक्तात ढकललं की हिशेब बदलतो.

झाडांच्या राज्यातली आणखी दोन नावं सांगतो. पहिलं इसबगोल, आजोबांच्या पिढीला पाठ असलेलं. गुजरातच्या मेहसाणा भागातलं उंझा ही त्याची मोठी बाजारपेठ. इसबगोलाचं टरफल पाण्यात भिजवलं की त्याचा बुळबुळीत लगदा होतो. आपल्याला तो पचत नाही, खाली जातो. तिथले जिवाणू त्यावर ताव मारतात आणि त्यातून ब्युटिरेट नावाचं आम्ल तयार होतं. मोठ्या आतड्याच्या अस्तराच्या पेशी शक्तीसाठी साखरेपेक्षा या ब्युटिरेटवरच जास्त जगतात, हे रोडिगर यांनी 1980 साली दाखवलं. ब्युटिरेट दाहही थोपवतं. स्पेनमध्ये 1999 साली आजार शांत असलेल्या 105 रुग्णांवर वर्षभर चाचणी झाली. काहींना इसबगोलाचं बी रोज दोनदा दहा-दहा ग्रॅम, काहींना मेसालामाइन, काहींना दोन्ही. इसबगोलाच्या गटात शंभरात 40 जणांचा आजार परतला, मेसालामाइनच्या गटात 35, आणि दोन्ही घेणाऱ्यांत 30. फरक फार मोठा नाही. पण ज्याचं आतडं क्रोन्समुळं अरुंद झालंय त्यानं डॉक्टरांना विचारल्याशिवाय इसबगोल घेऊ नये, लगदा अडकू शकतो. आणि कुणीही घेतलं तरी पाणी भरपूर.

दुसरं नाव नीळ. गांधीजींनी 1917 साली चंपारणात ज्या निळीच्या शेतकऱ्यांसाठी लढा दिला, तीच नीळ. चीन आणि जपानात निळीची पूड पारंपरिक औषध म्हणून वापरतात. जपानच्या डॉक्टरांनी 86 रुग्णांवर आठ आठवडे तिची चाचणी घेतली. खोट्या गोळीवर शंभरात साधारण 14 जण सुधारले, तर दोन ग्रॅम निळीवर 81! कर्क्युमिनपेक्षाही ठसठशीत निकाल. आतड्याच्या पेशींत एक ग्राहक प्रथिन असतं, निळीतले रेणू त्याला चिकटतात आणि भिंत दुरुस्त करणारी रसायनं वाढतात. कोबी, मुळा, मोहरी यांच्यातूनही असेच रेणू मिळतात. मग नीळ सगळ्यांना का देत नाहीत? कारण चाचणी चालू असताना एक बातमी आली. बाहेर कुणी रुग्ण स्वतःच निळीची पूड विकत आणून सहा महिने घेत होता. त्याच्या फुफ्फुसांच्या रक्तवाहिन्यांतला दाब धोकादायक वाढला. डॉक्टरांनी चाचणी तिथंच थांबवली. झाडपाल्यानं अपाय होत नाही, हा समज इथं मोडतो. जे गुण करू शकतं ते अवगुणही करू शकतं, आणि ते फक्त मोजल्यावर कळतं.

विलोची साल, हळद, इसबगोल, नीळ. यांतलं कुणीही आपल्या आतड्यासाठी तयार झालेलं नाही. झाडानं हे रेणू स्वतःसाठी केले. आपल्याला ते उपयोगी पडले ते तेव्हा, जेव्हा कुणीतरी ते कुठवर जातात, किती जातात आणि तिथं काय करतात हे चिकाटीनं शोधलं, आणि जे निघालं ते, आवडो न आवडो, लिहून ठेवलं.

म्हणून बाळांनो, आणि हे वाचणाऱ्या तुमच्या आईबाबांनाही सांगतो. शौचावाटे रक्त दोन-तीन आठवडे जात असेल, रात्री झोपेतून उठून धावावं लागत असेल, वजन उतरत असेल, तर घरचा उपाय करत बसू नका, पोटविकारांच्या डॉक्टरांना दाखवा. कोलोनोस्कोपी सांगितली तर करून घ्या. आपल्याकडं आतड्याचा क्षयही क्रोन्ससारखाच दिसतो आणि दोन्हींचे उपचार वेगळे, म्हणून निदान पक्कं हवं. कोलायटिस ठरला तर बरं वाटायला लागलं म्हणून मेसालामाइन स्वतःहून बंद करू नका, आजार उसळतो. हळदीची, निळीची, कसलीही कॅप्सूल घेत असाल तर ती डॉक्टरांपासून लपवू नका, त्यांना डबी दाखवा. आणि आमटीत हळद घाला, पोटभर जेवा. ती अन्न म्हणून आपलीच आहे. औषध म्हणून तिला डॉक्टरांच्या हातूनच येऊ द्या.